खासगी फंडात १ कोटी घालण्याआधी एआयकडून काय करून घ्यावं

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं युनिट आहे, विजापूर रोडची जागा विकून हातात पैसा आलाय. पुण्याहून आलेल्या रिलेशनशिप मॅनेजरने शेअर बाजार नियामक सेबीच्या वर्गवारीतला कॅटेगरी दोनचा एक प्रायव्हेट क्रेडिट फंड, म्हणजे कंपन्यांना कर्ज देणारा खासगी फंड, दाखवला. तुमचे वडील अण्णा आणि काका मिळून १ कोटी घालायचं म्हणतात. दीडशेच्या आसपास पानांचा पीपीएम (फंडाचं माहितीपत्रक) इंग्रजीत, घरात तो पूर्ण वाचणारं कुणी नाही, म्हणून तुम्ही तो एआयला दिला. त्याने ‘फंडाची रचना मजबूत आहे, जोखीम मध्यम आहे’ असं सांगितलं. पंधरा दिवसांत क्लोजिंग आहे (फंडात शिरायची ही खेप बंद होते), आणि तुमचा प्रश्न आहे की या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा.

मी सोलापुरात सीएची प्रॅक्टिस करतो. पूर्वी इथे जास्तीचा पैसा आला की तो जागेत जायचा, सोन्यात जायचा, नाहीतर आणखी चार लूम बसायचे. आता पुण्या-मुंबईची मंडळी एआयएफचे, म्हणजे अशा पर्यायी गुंतवणूक फंडांचे, प्रस्ताव घेऊन इथपर्यंत येतात आणि त्यांचे कागद माझ्या टेबलावर येतात. ते वाचताना मी एआय रोज वापरतो. त्यामुळे ‘एआय वापरू नका’ असा सल्ला मी देणार नाही. उलट तुमच्यासारख्या घरांना त्याचा फायदा सगळ्यात जास्त आहे, कारण आजवर हे कागद कुणी न वाचताच सह्या होत आल्या आहेत.

पण अडचण भरवशाच्या टक्केवारीची नाही. अडचण अशी की तुम्ही एआयला मत विचारलंत. पीपीएम हा फंड मॅनेजरने स्वतःच्या फंडाबद्दल लिहिलेला कागद असतो. तेवढाच कागद समोर ठेवून ‘फंड कसा आहे’ विचारलं, तर उत्तर मॅनेजरच्याच मांडणीतून येणार. आज एक करून बघा. तीच फाइल नव्या चॅटमध्ये द्या आणि विचारा, ‘या फंडात पैसे का घालू नयेत?’ तितक्याच ठाम सुरात दहा कारणं मिळतील. दोन्ही उत्तरं तुमच्या प्रश्नाच्या दिशेने वाहत गेलेली असतात. दोन्हींपैकी एकही पुरावा नाही.

मी एआयला फंडाबद्दल मत विचारत नाही, पान विचारतो. कागदात काय लिहिलंय, कुठे लिहिलंय, एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरं असं कुठे आहे, आणि काय लिहिलेलंच नाही. या कामात तो थकत नाही.

त्याआधी तातडीची एक गोष्ट. अण्णा आणि काका हे दोघे भाऊ. ५०-५० लाख घालून १ कोटी करायचा हा हिशेब मुळातच बसत नाही. सेबीच्या नियमांत एआयएफमध्ये प्रत्येक गुंतवणूकदाराची किमान रक्कम १ कोटी आहे. ती दोघांत मिळून भरायची सोय फक्त पती-पत्नी, आई किंवा वडील आणि मुलगा किंवा मुलगी अशा जोड्यांना आहे, आणि तीही दोघांपुरतीच. अण्णा आणि आई चालतील, अण्णा आणि तुम्ही चालाल. दोन भाऊ आले की प्रत्येकाचा १ कोटी वेगळा लागतो. मान्यताप्राप्त गुंतवणूकदाराला (मोठं उत्पन्न किंवा संपत्ती असल्याचा अधिकृत दाखला असलेल्याला) ही १ कोटीची अट लागू नाही, पण तो दाखला वेगळा काढावा लागतो. एआयने तुम्हाला ‘कुटुंबातील सदस्य संयुक्तपणे गुंतवणूक करू शकतात’ असं सांगितलं. वाक्य खोटं नाही, पण तुमच्या घराला ते लागू होत नाही. कायद्याच्या बाबतीत एआयची चूक बहुतेक वेळा अशीच असते. तो धादांत खोटं क्वचितच सांगतो, पण अपवाद गाळतो किंवा जुना नियम नवा म्हणून देतो. किमान रक्कम २५ लाख असल्याचंही मी त्याच्या उत्तरांत पाहिलंय. ती सवलत फंडाच्या किंवा मॅनेजर कंपनीच्या कर्मचारी-संचालकांसाठी आहे. एआयएफचे नियम २०१२ सालचे आहेत आणि त्यानंतर त्यांत वारंवार दुरुस्त्या झाल्या आहेत. म्हणून नियमाबद्दल विचारताना नेहमी ‘कोणतं विनियम, कोणतं परिपत्रक, कोणती तारीख’ असं विचारा आणि ते सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः उघडा. तिथे सापडलं नाही तर ते उत्तर सोडून द्या.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील आणि त्यांचं उत्तर मी इथे बसून देऊ शकत नाही. हा १ कोटी तुमच्या एकूण पैशाचा किती भाग आहे? विकलेल्या जागेवरच्या भांडवली नफ्याच्या कराची सोय झाली आहे का? फंडाने काही कर्जं आधीच दिली आहेत की अजून एकही कर्ज दिलेलं नाही, सगळा गल्ला मोकळा आहे? कर्जं दिलेली असतील तर तीच तपासता येतात. गल्ला मोकळा असेल तर तुम्ही फक्त माणसांवर आणि त्यांच्या आधीच्या फंडांवर पैसे लावताय, आणि मग खाली मी जे सांगतो ते सगळं आधीच्या फंडाला लावून बघायचं.

आता कामाची पद्धत. सेबीने २०२० पासून पीपीएमचा साचा ठरवून दिला आहे. अ भागात ठरलेली प्रकरणं असतात: गुंतवणुकीचं धोरण, फी आणि खर्च, हितसंबंधांचा संघर्ष, जोखीम, मागची कामगिरी, शिस्तभंगाचा इतिहास. ब भागात मॅनेजरला आणखी हवं ते. एआयसाठी हा साचा मोठी सोय आहे, कारण दोन फंड प्रकरणागणिक शेजारी ठेवता येतात. रिलेशनशिप मॅनेजरकडून त्याच प्रकारच्या दुसऱ्या फंडाचाही पीपीएम मागा. एकटा फंड वाचला की सगळं ठीकच वाटतं. शेजारी दुसरा ठेवला की ‘याच्यात ही मर्यादा आहे, त्याच्यात का नाही’ असे प्रश्न आपोआप उभे राहतात.

अख्खी फाइल एकदम देऊन सारांश मागू नका. मोठी फाइल दिली की पुष्कळ सहायक त्यातले काही भाग शोधून तेवढ्यावर उत्तर देतात, सगळी पानं वाचतातच असं नाही. त्यामुळे ‘असं कलम नाही’ या उत्तराचा अर्थ कधीकधी ‘मला दिसलं नाही’ एवढाच असतो. मी एकेक प्रकरण वेगळं देतो आणि प्रश्न साधारण असा लिहितो: ‘या प्रकरणात गुंतवणूकदाराच्या पैशातून जाणारा प्रत्येक खर्च सांग. प्रत्येकापुढे पान क्रमांक, कलम आणि मूळ इंग्रजी वाक्य जसंच्या तसं दे. जे सापडलं नाही तिथे सापडलं नाही असं लिही, अंदाज करू नको.’ मूळ वाक्य मागण्याला पर्याय नाही. ते वाक्य पीडीएफमध्ये शोधायचं. सापडलं की उत्तर ग्राह्य, नाही सापडलं की ती ओळ खोडायची. फाइल स्कॅन केलेली असेल तर शोध चालणार नाही आणि तक्त्यांतले आकडे एका रांगेतून दुसऱ्या रांगेत सरकतात, म्हणून मॅनेजरकडून शोधता येणारी प्रतच मागून घ्या.

फीचं प्रकरण मी सगळ्यात जास्त वेळ देऊन वाचतो. समजा व्यवस्थापन फी वर्षाला २ टक्के आहे. १ कोटीवर २ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २.३६ लाख. ही फी तुम्ही कबूल केलेल्या पूर्ण रकमेवर आहे की प्रत्यक्ष घेतलेल्या रकमेवर? पहिल्या वर्षी फंडाने फक्त ३० लाख मागवले आणि फी पूर्ण १ कोटीवर असली, तर त्या ३० लाखांतून जवळपास ८ टक्के फीमध्येच गेले. सारांशात एआय ‘फी २ टक्के’ एवढंच लिहितो. कशावर, हे वेगळं विचारावं लागतं.

त्याहून मोठा फरक नफ्याच्या वाटणीत असतो. समजा तुम्ही १ कोटी एकाच दिवशी दिले आणि पाच वर्षांनी, फी आणि खर्च जाऊन, वाटायला १.८० कोटी आले. नफा ८० लाख. हर्डल रेट (एवढा परतावा आधी तुम्हाला मिळायचा) १० टक्के चक्रवाढ, आणि मॅनेजरचा कॅरी (नफ्यातला हिस्सा) २० टक्के. पाच वर्षांचं १० टक्के चक्रवाढ म्हणजे ६१.०५ लाख. कॅच-अप नसेल तर मॅनेजरला वरच्या १८.९५ लाखांवर २० टक्के, म्हणजे ३.७९ लाख. पूर्ण कॅच-अप असेल तर हर्डल ओलांडल्यावर मॅनेजर आधी आपला हिस्सा भरून काढतो आणि शेवटी त्याला संपूर्ण ८० लाखांवर २० टक्के मिळतात, म्हणजे १६ लाख. तुमच्या हातचे १२.२१ लाख एका शब्दावर जातात. एका फंडाच्या बाबतीत एआयने मला लिहून दिलं होतं, ‘१० टक्क्यांवरील नफ्यावर २० टक्के कॅरी’. पीपीएममधलं मूळ वाक्य काढलं तर त्यात पूर्ण कॅच-अप होता. ऐकायला दोन्ही वाक्यं सारखीच वाटतात. म्हणून वाटणीचा क्रम एआयला शब्दांत समजावून सांगायला लावू नका. ‘या कलमाप्रमाणे एक्सेलची सूत्रं लिहून दे’ म्हणा आणि आकडे स्वतः घालून बघा. एक्सेलमध्ये चूक लपणं अवघड जातं. वाटणी प्रत्येक व्यवहारागणिक आहे की संपूर्ण फंडाच्या शेवटी, हेही त्याच वेळी पाहा. व्यवहारागणिक असेल तर पहिल्या चांगल्या कर्जावर मॅनेजर कॅरी घेऊन जातो, आणि पुढची दोन बुडाली तर तो परत द्यायला बांधील आहे का, हे दुसऱ्या कलमात असतं.

मॅनेजरचा स्वतःचा पैसा किती, हा प्रश्न सगळेच विचारतात आणि ‘सेबीच्या नियमाप्रमाणे आहे’ या उत्तरावर समाधान मानतात. नियम काय आहे बघा. कॅटेगरी एक आणि दोनमध्ये मॅनेजर किंवा स्पॉन्सरचा (फंड उभा करणाऱ्याचा) हिस्सा कॉर्पसच्या (फंडाच्या एकूण रकमेच्या) २.५ टक्के किंवा ५ कोटी, यांतला जो कमी असेल तो. १०० कोटींच्या फंडात तो २.५ कोटी होतो. १,००० कोटींच्या फंडात ५ कोटीच, म्हणजे अर्धा टक्का. नियम पाळूनही मोठ्या फंडात मॅनेजरचं स्वतःचं फार थोडं पणाला लागलेलं असू शकतं. मी प्रत्यक्ष आकडा लेखी मागतो.

तुमचा फंड कर्ज देणारा आहे, म्हणून पुढचा भाग विशेष लक्ष देऊन वाचा. सादरीकरणात ‘पूर्ण तारणयुक्त, १.५ पट तारण’ असं लिहिलेलं असतं. एआयला सादरीकरण आणि पीपीएम दोन्ही द्या आणि विचारा, ‘तारण या शब्दात पीपीएमप्रमाणे काय काय मोडतं?’ पुष्कळदा व्याख्येत जमीन-इमारतीबरोबर प्रवर्तकाची वैयक्तिक हमी, शेअर्सची गहाणवट आणि दुसऱ्या क्रमांकाचा चार्जही (मालमत्तेवरचा कर्ज देणाऱ्याचा हक्क) निघतो. बँकेचा पहिला चार्ज असलेल्या कारखान्यावरचा दुसरा चार्ज म्हणजे काय, हे एमआयडीसीत युनिट चालवणाऱ्या अण्णांना तुम्ही समजावायची गरज नाही. बँकेचं भागल्यावर जे उरेल ते. कर्जदार कंपन्यांची नावं मिळाली तर कंपनी कामकाज मंत्रालयाच्या पोर्टलवर प्रत्येक कंपनीवरचे चार्ज कुणालाही पाहता येतात. रेटिंग एजन्सींनी त्या कंपन्यांवर लिहिलेली टिपणं मोफत वाचता येतात. ही टिपणं एआयला द्या आणि फंडाच्या दाव्याशी ताडून बघायला सांगा. इथे तो खरोखर उपयोगी पडतो. आठ-दहा टिपणं घेऊन ‘कोणत्या कंपनीचं रेटिंग फंडाने कर्ज दिल्यानंतर उतरलं, तारखेसह’ असा तक्ता तो काही मिनिटांत करून देतो. तारखा मात्र तुम्ही तपासायच्या.

नियमाप्रमाणे कॅटेगरी दोनचा फंड एका कंपनीत गुंतवणूकयोग्य रकमेच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त घालू शकत नाही. ही मर्यादा कंपनीला आहे. एकाच प्रवर्तकाच्या तीन कंपन्यांना १५-१५ टक्के गेले तर नियम मोडत नाही, पण तुमच्या पैशाच्या ४५ टक्क्यांना एकच माणूस जबाबदार असतो. एआयला कर्जदारांची यादी प्रवर्तकागणिक लावायला सांगा.

मागच्या कामगिरीच्या तक्त्यात ‘आयआरआर १८ टक्के’ असा वार्षिक परताव्याचा मोठा आकडा असतो. मला त्यात तीन गोष्टी हव्या असतात. हा आकडा फी आणि खर्चाच्या आधीचा की नंतरचा. त्यातलं किती रोख परत आलं आणि किती कागदावरचं मूल्यांकन आहे. आणि व्याज दरमहा रोख मिळतंय की फक्त खात्यात जमा दाखवलं जातंय. कर्जदाराने पाच वर्षं एक रुपया दिला नाही तरी जमा व्याजाने आयआरआर सुंदर दिसतो. शिवाय जी कर्जं फिटली ती कंपनीच्या धंद्यातून फिटली की दुसऱ्या कुणीतरी नवं कर्ज देऊन जुनं फेडलं? डिसेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँका आणि वित्त कंपन्यांच्या एआयएफमधल्या गुंतवणुकीवर निर्बंध आणले ते याच शंकेने, की आपल्याच थकलेल्या कर्जदाराला फंडामार्फत पैसा पोहोचवून जुनं कर्ज फिटल्यासारखं दाखवता येतं. नंतर ते निर्बंध काहीसे सैल केले, पण प्रश्न विचारायला तुम्हाला कुणाचा निर्बंध लागत नाही. याची उत्तरं पीपीएममध्ये बहुधा नसतात. आधीच्या फंडाचे लेखापरीक्षित हिशेब मागा. दिले नाहीत तर तेही एक उत्तर आहे.

माणसांची माहिती काढताना एआयचा वेब शोध जपून वापरा. आपल्याकडे एकाच नाव-आडनावाचे कितीतरी लोक असतात. भलत्याच माणसावरचा खटला तुमच्या मॅनेजरच्या नावावर लागतो, किंवा याच्यावरचा आदेश सुटून जातो. संचालकाचा डीआयएन (प्रत्येक संचालकाला सरकारकडून मिळणारा ओळख क्रमांक) घ्या, त्यावरून तो आणखी कोणत्या कंपन्यांत आहे ते बघा. सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत एआयएफची यादी आहे आणि आदेशही आहेत. तिथे स्वतः नाव घालून शोधा. ‘कोणतीही प्रतिकूल माहिती आढळली नाही’ हे एआयचं वाक्य मी कधीही फाइलला लावत नाही.

आणि जे कुठेच लिहिलेलं नसतं, त्यासाठी फोन करावे लागतात. आपल्याकडे सुताचा व्यापारी नव्या लूमवाल्याला उधारी देताना फक्त जीएसटी रिटर्न बघत नाही. आधी कुणाकडून सूत उचलत होता आणि तिथून का सुटला, हे तो बाजारात विचारतो. फंडाच्या बाबतीतही तेच. मॅनेजरकडून आधीच्या फंडातल्या दोन-तीन गुंतवणूकदारांची नावं घ्या, आणि त्याने न दिलेला एकतरी स्वतः शोधा. सोलापुरात नाही सापडला तर तुमच्या सीएच्या पुण्यातल्या ओळखीत सापडेल. पैसे परत यायला उशीर झाला तेव्हा मॅनेजर फोन उचलत होता का? अहवाल वेळेवर आले का? एखाद्या कर्जाचं मूल्य कमी केलं तर ते आधी सांगितलं की अहवालात तळाशी सापडलं? मुदतवाढ मागितली का? नियमाप्रमाणे दोन तृतीयांश युनिटधारकांच्या संमतीने, मूल्यानुसार, दोन वर्षांपर्यंत मुदत वाढू शकते. म्हणजे सहा वर्षांचा फंड आठ वर्षांचा धरून चाला. फोनआधी एआयकडून प्रश्नांची यादी करून घ्या आणि फोननंतर तुमची टिपणं देऊन ‘यांनी सांगितलेलं पीपीएमशी कुठे जुळत नाही’ असं विचारा. मॅनेजरशी बोलणं झाल्यावर तर हे नक्की करा. तोंडी सांगितलेलं आणि कागदावरचं यांतला फरक तो बारकाईने काढतो.

एका फंडात ‘मुख्य व्यक्ती गेल्यास नवी गुंतवणूक थांबेल’ असं कलम होतं. एआयच्या सारांशात त्यापुढे बरोबरची खूण. व्याख्येचं पान उघडलं तर दोन्ही मुख्य व्यक्ती एकाच वेळी गेल्या तरच ते कलम लागू होणार होतं. फोनवर मात्र आम्हाला ‘आमच्यापैकी कुणीही गेलं तरी’ असं सांगितलं गेलं होतं. कलम आहे की नाही यावर थांबू नका, त्यातल्या प्रत्येक शब्दाची व्याख्या कुठे आहे ते विचारा.

गोपनीयतेबद्दल. पीपीएम बहुधा तुमच्या नावाने क्रमांक घालून दिलेला असतो आणि तो इतरांना देऊ नये अशी अट त्यात असते. ती अट वाचा. तुमचं नाव असलेलं पान काढून टाका, आणि संभाषणं प्रशिक्षणासाठी वापरली जाऊ नयेत अशी सेटिंग असलेल्या खात्यातूनच काम करा. पॅन, आधार, बँक स्टेटमेंट, केवायसीचा फॉर्म यांतलं काहीही एआयला देऊ नका. फंड तपासायला त्यांची गरजच नाही.

करात एक गोष्ट सोलापूरच्या बहुतेक घरांना नवी असते. कॅटेगरी दोनमध्ये धंद्याचं उत्पन्न सोडून बाकी उत्पन्नावर कर तुमच्या हातात लागतो, तुमच्या दराने. आणि फंडाने वर्षअखेर ते उत्पन्न वाटलं नसलं तरी ते तुम्हाला मिळाल्याचं धरलं जातं. म्हणजे व्याज फंडाच्या खात्यात आणि कर अण्णांच्या खिशातून. एआय याची चौकट बरी समजावतो, पण १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने तो अजून जुने कलम क्रमांक सांगू शकतो. हा भाग तुमच्या सीएकडून लेखी घ्या.

पैसा एकदम जाणार नाही, हप्त्याने मागवला जाईल. ड्रॉडाऊनची, म्हणजे हप्ता मागणारी, नोटीस आल्यावर किती दिवसांत भरायचं आणि नाही भरलं तर काय, हे कलम एआयकडून शब्दशः काढून घ्या. काही फंडांत चुकवलेल्या हप्त्यावर जबर व्याज असतं, काहींत आधी भरलेल्या युनिटांचा काही भागही जाऊ शकतो. निर्यातीचं पेमेंट अडकलेलं, सुताचं बिल समोर आणि त्याच आठवड्यात ड्रॉडाऊन, हा प्रसंग टॉवेलच्या धंद्यात येतोच. म्हणून उरलेली कबूल रक्कम लिक्विड फंडात बाजूला ठेवा आणि तिला धंद्यासाठी हात लावू नका. ते जमणार नसेल तर फंड कितीही चांगला असला तरी तो तुमच्यासाठी नाही.

राहिली पंधरा दिवसांची घाई. पहिलं क्लोजिंग की शेवटचं, ते विचारा. पहिलं असेल तर पुढे आणखी असतात, आणि उशिरा येणाऱ्याकडून किती भरपाई घेतली जाते हे पीपीएममध्ये लिहिलेलं असतं. एआयकडून ते कलम काढून थांबण्याची किंमत रुपयांत मांडा. बहुतेक वेळा ती वाटते त्यापेक्षा बरीच कमी निघते, आणि तेवढ्या रकमेत हे सगळं नीट तपासायला महिना मिळतो. अण्णांना मराठीत चार पानांचं टिपण करून द्या. त्यात प्रत्येक ओळीपुढे पीपीएमचं पान असू द्या, म्हणजे शंका आली की तुम्ही दोघं मिळून ते पान उघडाल.

रिलेशनशिप मॅनेजरला त्याचं कमिशनही सरळ विचारा. त्यात अवघडण्यासारखं काही नाही. मे २०२३ पासून एआयएफला डायरेक्ट प्लॅन (वितरकाविना घ्यायचा) द्यावा लागतो, आणि कॅटेगरी दोनमध्ये वितरकाला एकूण कमिशनच्या जास्तीत जास्त एक तृतीयांश आधी मिळू शकतं, बाकी वर्षागणिक. तो तुम्हाला पुढची सहा-आठ वर्षं खरोखर सेवा देणार असेल तर त्याच्याकडून घ्या, नाहीतर डायरेक्ट.

सही करायच्या वेळी काँट्रिब्युशन ॲग्रीमेंटची (फंडाशी होणाऱ्या कराराची) जी प्रत येईल, ती आणि तुम्ही तपासलेली प्रत दोन्ही एआयला देऊन फरक विचारा, आणि वर्डमधली दोन प्रतींची तुलनाही चालवा, म्हणजे एकाने सोडलेलं दुसऱ्यात सापडतं. पीपीएम आणि ॲग्रीमेंट यांत विरोध असेल तर कोणतं चालेल, हे ॲग्रीमेंटच्या शेवटच्या पानांत असतं, ते वाचून घ्या. मग अर्जात अण्णांबरोबर दुसरं नाव कुणाचं घातलंय, आणि तुम्ही ठरवलेल्या प्लॅनच्या आणि फीच्या क्लाससमोरच खूण आहे ना, एवढं स्वतःच्या डोळ्यांनी बघा.